टाचेचे टाके

डॉक्टरांनी आमच्या लोकांना काहीही विचारावं, पायांबद्दल विचारू नये. विचारून उपयोगच नाही. मिठागरातल्या माणसाला स्वतःचे पाय दिसत नाहीत. दिवाळी उरकली की वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा, आणि मग पाऊस येईपर्यंत खाऱ्या पाण्यात उभं राहून मीठ ओढायचं, भरलेल्या पाट्या डोक्यावर घेऊन बांधावरून राशीकडे जायचं. माघ लागला की टाचा फुटतात. फुटतात म्हणजे शहरातल्या बायकांच्या पायांना थंडीत पडतात तशा रेघा नव्हेत. करंगळी आत जाईल अशा भेगा. त्यात खारं पाणी शिरलं की कळ थेट मस्तकात जाते. कामावर न जाऊन चालत नाही, आणि भेग उघडी ठेवून पाण्यात उभं राहवत नाही. म्हणून आम्ही टाचा शिवतो.

शिवतो म्हणजे सुई-दोऱ्यानं शिवतो. ऐकून तुम्ही तोंड वाकडं केलंत हे मला इथून दिसतंय. करा.

माझी आई सोनाबाई या कामात आमच्या उरणच्या खाडीवर नावाजलेली होती. ओटीवर बसायची, समोरच्याची भिजवून पुसलेली टाच मांडीवर घ्यायची, मेण लावलेला दोरा जिभेवर ओला करून सुईत ओवायची, आणि वरच्या निबर कातड्यातून, खालच्या मांसाला धक्का न लावता, टाके घालत जायची. रक्ताचा थेंब येत नसे. सुई एकच, गोणपाट शिवायची. एकाचं काम झालं की दुसरा पाय पुढे करायचा. लहानपणी माझ्याही टाचांना तिचे टाके असत. पुढे मी शिकलो, तळा गावच्या शाळेत मास्तर झालो, पायांत चपला आल्या. आता तुझ्या टाचा साहेबाच्या झाल्या, असं गोदू मला चिडवायची.

गोदू माझी थोरली बहीण. मी तिला बाय म्हणायचो. मी पोरगा असताना मुकादमाची पाठ फिरली की माझ्या पाटीतलं निम्मं मीठ ती आपल्या पाटीत ओतून घ्यायची आणि वर मलाच झापायची, की अंगात जोर नाही तर निदान पुस्तकं तरी धड वाच. नामाभावजींशी लग्न होऊन ती पलीकडच्याच आळीत गेली. मूलबाळ झालं नाही. नामाभावजी अबोल माणूस. ती दिवसभर बोलायची आणि ते ऐकून हसायचे, असा त्यांचा संसार होता.

सत्तावन्न सालच्या माघात गोदूची उजवी टाच नेहमीपेक्षा खोल फुटली. भेग जिवंत मांसापर्यंत गेली होती. आई शिवत असताना सुई आत टोचली आणि गोदूनं पाय मागे ओढला. नामाभावजी तिथंच होते, त्यांनी मला पुढे सांगितलं.

"राजाची लेक हायेस काय? गप बस जरा," आई म्हणाली.

गोदू हसली आणि गप्प बसली. दुसऱ्या दिवशी उठून कामावर गेली.

होळीच्या सुमाराला तिला ताप येऊ लागला. संध्याकाळी हुडहुडी भरायची, पहाटे घाम फुटून उतरायचा. उरणच्या डॉक्टरांनी हिवताप म्हणून गोळ्या दिल्या, मग टायफॉइड म्हणून पेजेवर ठेवलं. ताप काही हटेना. गालफडं बसली. पाटी उचलणारे तिचे दंड काडीसारखे झाले. नखांखाली बारीक, लालकाळ्या रेघा दिसायला लागल्या. आईला वाटलं लाकडाची कुसळं गेली असतील, म्हणून ती टोकरून काढायला बसायची आणि ती निघायची नाहीत. शेवटी मोरा बंदरातून लाँचनं तिला मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं आणि मला तार केली.

मी पोचेपर्यंत तपासण्या सुरू झाल्या होत्या. वॉर्डाचे डॉक्टर देवस्थळी म्हणून होते, आमच्या कोकणातलेच, रत्नागिरीकडचे. कामाला चोख, बोलायला तुटक. त्यांनी पहिल्याच दिवशी नीट विचारून घेतलं होतं: कुठे जखम झाली होती का, गळू, खरूज, दात काढला होता का, बाळंतपण, काही कापलं, टोचलं? नामाभावजी नाही म्हणाले. आई नाही म्हणाली. गोदू नाही म्हणाली. तिघांपैकी कुणीही खोटं बोललं नव्हतं. विळा लागला तर ती जखम. भेग ही जखम नव्हे. भेग म्हणजे टाच. आणि बाईमाणसानं परक्या पुरुषापुढे पाय पसरायचे नाहीत म्हणून गोदू खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन, पावलं लुगड्यात गुंडाळूनच पडलेली असायची. छातीला नळी लावायला येणाऱ्या कुणाला तिचे पाय बघायचं सुचलं नाही.

मी मास्तर, म्हणून डॉक्टर माझ्याशी जरा सविस्तर बोलले. रक्त बाटलीत घालून ऊबेत ठेवतात आणि त्यात कुठले जंतू वाढतात ते बघतात, असं त्यांनी सांगितलं.

"तुमच्या बहिणीच्या बाटलीत पांढरा स्टॅफिलोकोकस वाढलाय," ते म्हणाले. "पण त्याला आम्ही धरत नाही. तो तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या कातडीवर असतो. रक्त घेताना सुईबरोबर बाटलीत जातो. याचा जो पिवळा भाऊबंद आहे ना, तो वाईट. हा बिचारा निरुपद्रवी."

"मग ताप कशाचा?"

"तेच शोधतोय. पुन्हा रक्त घेऊ."

पुन्हा घेतलं. पुन्हा बाटलीत तोच पांढरा. डॉक्टर वैतागले. फेरीच्या वेळी हाताखालच्या पोरगेल्या डॉक्टराला म्हणाले, "यांचे हात नीट धुऊन घेत चला हो. मिठागरातून उठून येतात ही माणसं." पुढच्या खाटेकडे वळलेसुद्धा. त्यांच्या मनात काही नव्हतं, सवयीनं बोलले. पण मी काही सवयीनं ऐकत नाही. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं आमच्याकडे सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. मी पुढे झालो तसा आईनं माझा सदरा मागून धरला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "घान असंल तर असंल. धुऊन काढू."

दुपारी ती कुठूनतरी नारळाचा काथ्या घेऊन आली. गोदूला मोरीत बसवलं, साबण लावला आणि तिचा उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत घासायला लागली. भांडं घासावं तसा घासला. पाणी ओतायचं, पुन्हा घासायचं. गोदू एवढी बोलकी, पण हात पुढे धरून मुकाट बसली होती. मी दारातून म्हटलं, "आये, पुरे. कातडं निघंल." आईनं वर बघितलं नाही. तिच्या तोंडावर राग नव्हता, लाज होती. आपल्या लेकीचा हात घाणेरडा आहे म्हणून मुंबईच्या हॉस्पिटलातलं काम अडलंय, असं तिला वाटत होतं. ते बघून मला रडू आलं आणि रडू आल्याचा पुन्हा राग आला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर देवस्थळी स्वतः रक्त घ्यायला आले. चादर बाजूला केली आणि थांबले. हात उकडलेल्या कोळंबीसारखा लाल झाला होता, कोपराजवळ सालटी गेली होती.

"हे कुणी केलं?"

"मी केलं," आई म्हणाली. "तुमीच बोलला ना, नीट धुवा."

डॉक्टरांनी स्वतःचे हात धुतले, ते दोनदा धुतले. मग गोदूच्या सोललेल्या उजव्या हाताच्या ऐवजी डावा हात घेतला, त्यावर आयोडीन लावलं, स्पिरिट लावलं, थांबले, मग रक्त घेतलं. मग म्हणाले, पायाच्या शिरेतून नको, याच हाताच्या वरच्या बाजूनं आणखी एक घेतो, दुसऱ्या सुईनं, दुसऱ्या बाटलीत. एवढ्या काळजीनं त्या वॉर्डात कुणाचं रक्त घेताना मी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर काही दिवसांनी ते भर दुपारी आले. ती फेरीची वेळ नव्हती. बरोबर कुणी नव्हतं. गोदूच्या खाटेशी स्टूल ओढून बसले, आणि डॉक्टर माणूस असा रोग्याजवळ बसला की काय समजायचं ते मला कळत होतं.

"दोन्ही बाटल्यांत तोच पांढरा आहे," ते म्हणाले. "हा कातडीवरून आलेला नाही, मास्तर. तो तिच्या रक्तातच आहे. पहिल्यापासून होता."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. म्हणजे इतके दिवस आम्ही ज्याच्या शोधात होतो ते दुखणं बाटलीत समोर आलं होतं, एकदा नव्हे, दोनदा आलं होतं, आणि दोन्ही वेळा ते घाण म्हणून मोरीत ओतून दिलं होतं.

त्यांनी गोदूच्या छातीला नळी लावली. बराच वेळ ऐकलं. मग डोळे मिटून पुन्हा ऐकलं.

"हा आवाज गेल्या आठवड्यात नव्हता," ते स्वतःशीच म्हणाले. मग मला समजावून सांगितलं. हृदयात झडपा असतात. रक्त पुढे जाऊ द्यायचं, मागे येऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. जंतू तिथे जाऊन बसला होता आणि झडप खात होता.

आईला यातलं ओ की ठो कळलं नाही, म्हणून मी तिला आमच्या भाषेत सांगितलं. खाडीच्या बांधाला उघाडी असते ना, तिचं दार भरतीला आपोआप बंद होतं आणि खारं पाणी शेतात येत नाही. ते दार किड्यानं खाल्लं तर काय होईल?

"शेत जाईल," आई म्हणाली, आणि तिचा हात तोंडाकडे गेला.

"पण हा शिरला कुठून?" डॉक्टर म्हणत होते. "कातडीवरचा जंतू आपण होऊन आत जात नाही. कुठेतरी वाट हवी." त्यांनी गोदूची मान बघितली, काखा बघितल्या, तोंड उघडून दात बघितले. मग खाटेच्या पायथ्याशी जाऊन चादर वर केली. गोदूनं पाय आखडले. "घाबरू नका," असं म्हणून त्यांनी तिचं उजवं पाऊल हातात धरून उलटं केलं.

टाचेवर काळ्या दोऱ्याचे टाके होते. एकसारखे, शेजारी शेजारी, शेवटी गाठ.

मी ते टाके जन्मापासून बघत आलोय. पण त्या दिवशी डॉक्टरांचा चेहरा बघितला आणि मग टाच बघितली, तेव्हा पहिल्यांदा मला ते दिसले. आई मात्र पुढे सरसावली. इतक्या दिवसांत तिला त्या जागी काही कळेल असं पहिल्यांदाच निघालं होतं.

"माझ्या हातचा टाका हाय त्यो, डाक्टर," ती म्हणाली. "मीठ संपंल, त्यो सुटायचा न्हाय."

"तुम्ही घातलेत हे?"

"मग? सगल्या गावाला मीच घालते."

"सुई कुठली?"

"हाय ना घरात. गोनपाटाची."

"सगळ्यांना तीच?"

"सुई काय झिजते व्हय?" आई हसली.

डॉक्टरांनी चिमटा आणि कात्री मागवली आणि एकेक टाका कापला. वरून टाच कोरडी, खणखणीत होती. निबर कातडं उचललं तसा खालून पिवळट पू आला. थोडासाच. तो त्यांनी काचेवर घेतला, आणि तपासल्यावर त्यातही तोच पांढरा निघणार हे त्यांना तेव्हाच माहीत असावं. आई गोदूचा पाय धरून उभी होती.

"बाई," डॉक्टर म्हणाले, "हा जंतू कातडीवर आहे तोवर कुणाचं काही बिघडवत नाही. तुमच्या सुईनं तो आत नेला. मांसात गेला, तिथून रक्तात, तिथून हृदयात."

"माझ्या सुईनं?"

"हो."

"मी घातल्याल्या टाक्यानं?"

"हो, बाई. पुन्हा कुणाची टाच शिवू नका."

चुकून दुसऱ्याची वस्तू उचलल्यासारखा आईनं गोदूचा पाय खाली ठेवला. आणि मग ती जिथे उभी होती तिथेच, दोन खाटांच्या मध्ये, जमिनीवर बसली. रडली नाही. आपले दोन्ही तळवे मांडीवर उलटे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली.

"गप गं आये," गोदू म्हणाली. "पानी शिरलं असंल भेगेत. डाक्टरांना काय म्हाईत आपल्याकडचं." पण ते ऐकून घ्यायला आई तिथे नव्हतीच म्हणा ना.

मी डॉक्टरांना बाहेर गाठलं. "हे तिला सांगायलाच हवं होतं का?" मी जवळजवळ ओरडलोच.

"उद्या ती दुसऱ्याची टाच शिवेल, मास्तर."

त्यांचं बरोबर होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. ते जाता जाता थांबले. "तुमच्या आईला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "मला तर प्रयोगशाळेनं दोनदा कळवलं होतं." मग ते निघून गेले, आणि माझा राग कुणावर काढावा हे मला कळेना.

त्याच संध्याकाळी पेनिसिलिन सुरू झालं. दिवसरात्र टोचत होते. गोदूला कुशीवर वळता येईना इतक्या गाठी आल्या. पण ताप उतरला. आधी संध्याकाळची हुडहुडी गेली, मग घाम गेला, मग एक दिवस तिनं शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सुनेची अशी नक्कल केली की परिचारिकासुद्धा हसली. रक्ताच्या बाटल्या स्वच्छ यायला लागल्या. मला वाटलं, सुटलो.

आईनं मात्र त्या दिवसापासून जेवण टाकलं होतं. उपास नाही, नवस नाही, नुसतं जात नव्हतं. चहा घ्यायची. गोदूच्या खाटेखाली बसून असायची. गोदू जेवत असली की तिच्या तोंडाकडे बघत राहायची, आणि गोदूनं पोटभर खाल्लं तरच स्वतः पावाचा तुकडा तोंडात टाकायची. गोदूच्या ते लक्षात आलं होतं.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर देवस्थळी आम्हा सगळ्यांना घेऊन बसले. जंतू मेला, पण त्यानं खाल्लेली झडप पुन्हा उगवत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तिच्यावर आज कुठलंही ऑपरेशन आपल्याकडे नाही. रक्त मागे गळत राहणार आणि हृदय ते पुन्हा पुन्हा उपसत राहणार. सांभाळलं तर काही वर्षं निघतील. ओझं नाही, चढण नाही, मिठागर कायमचं बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मीठ बंद.

"मीठ बंद म्हंजे?" आईनं विचारलं.

"जेवणात मीठ घालायचं नाही. सुकी मासळी नाही, लोणचं नाही. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. पाणी साठलं की हे हृदय बुडेल."

"खडेमीठ नको, का बारीक?"

"कुठलंच नको, बाई. कायमचं."

नामाभावजी कधी नव्हे ते बोलले. "आम्ही मिठावरच जगतो, डाक्टर," ते म्हणाले.

इथे एक सांगायला हवं. आमच्यात अळणी जेवण कुणाच्या घरी शिजतं, तर ज्या घरातून मयत गेलं त्या घरी. जित्या माणसाच्या ताटात अळणी वाढणं म्हणजे त्याच्या तिरडीचे बांबू तोडून आणणं. माझ्यासारखा शिकलेला माणूस ते मानत नाही असं मी म्हणेन, पण त्या दिवशी डॉक्टरांचं ऐकताना माझ्याही अंगावर काटा आला. आईनं मात्र "व्हय, व्हय" अशी मान हलवली.

गोदूची देखभाल करायला आई तिच्याच घरी राहायला गेली. मिठाचा हंगाम अजून सरला नव्हता. कुणी फुटलेली टाच घेऊन दारात आलं की आई आत निघून जायची आणि गोदू त्यांना सांगायची, आता न्हाय शिवत ती. सुट्टी संपून मी तळ्याला निघालो तेव्हा गोदू विहिरीपर्यंत चालत जाऊन येत होती. जेवणाची मात्र रड होती. अळणी पेज तिच्या घशाखाली उतरत नव्हती. दोन घास खायची आणि ताट सारायची, की आई तिकडे उपाशी. "तू जा रे," मला म्हणाली. "सवय व्हईल जिभेला."

मी पुन्हा आलो तो गणपतीच्या सुट्टीत. नामाभावजी ओटीवरच भेटले आणि बाजूला झाले. गोदू आत भिंतीला टेकून बसली होती. तिला आडवं होता येत नव्हतं. आडवी झाली की जीव गुदमरायचा. पाय टम्म सुजले होते. बोट दाबलं तर खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. ओठ निळे. चार शब्द बोलली की थांबायची. ही माझी बाय, जिचं बोलणं थांबवायला देव खाली यावा लागला असता.

"कवापासून?" मी नामाभावजींना विचारलं.

"श्रावणापासून. लाँच बंद हाय पावसानं. उरणचे डाक्टर लघवीचं इंजेक्शन देतात. उतरतं, परत चढतं."

"सुकं म्हावरं दिलंत तिला? खरं सांगा."

"घरात आनलंच न्हाय," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या माणसावर संशय घेतला याची मला लाज वाटली.

आई चुलीपाशी होती. मला बघून तिचा चेहरा उजळला. कितीतरी महिन्यांनी तिच्या अंगावर जरा मांस दिसत होतं. "आता बरी जेवते रे पोर," ती म्हणाली. "आदी दोन घासांवर उठायची. आता ताट पुसून खाते. खाल्ल्याबिगर ताकद कशी यायची?" तिनं गोदूपुढे पेजेचं ताट ठेवलं, समोर बसून तिला खाऊ घातलं, मग समाधानानं भांडी घेऊन मागच्या दारी गेली.

ताटात थोडी पेज उरली होती. मला भूक लागली होती आणि बहिणीचं उष्टं खायला मला कधीच काही वाटलं नाही. मी ती उचलून प्यायलो.

मीठ होतं. बरोबर होतं, आई आयुष्यभर घालत आली तेवढंच. कमीही नाही, जास्तही नाही.

पहिल्यांदा वाटलं माझीच जीभ फसली. मग कळलं, आणि जे कळलं ते डोक्यात मावेना. मी उठलो. मागच्या दाराकडे वळलो. काय ओरडणार होतो ते आता आठवत नाही, पण ते ओरडलो असतो तर आईनं जन्मात पुन्हा डोकं वर केलं नसतं. गोदूनं माझा हात धरला. तिच्या हातात जोर नव्हता, पण मी थांबलो.

"मना म्हाईत हाय," ती म्हणाली.

"काय म्हाईत हाय?"

"पहिल्या दिसापासून. आपल्या जिभेला मीठ कलायचं न्हाय, तर कोनाला कलायचं?"

"मग खाल्लंस कशाला? डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?" मी दात आवळून, हळू बोलत होतो. "बाय, तू मरशील."

ती श्वास घ्यायला थांबली. मागच्या दारी भांड्यांचा आवाज येत होता.

"ती समोर बसून बघते," गोदू म्हणाली. "मी खाल्लं तर जेवते. मी न्हाय खाल्लं तर न्हाय. अळनी जात नव्हतं मना. आयेला वाटलं, अळनी वाढून आपनच पोरीला मारतो. म्हनून घातलं असंल चिमटीनं. मग मी खाल्लं. मग ती जेवली." पुन्हा थांबली. "एकदा सांगितलं ना तिला, डाक्टरांनी. बघितलंस ना कशी बसली होती. परत नको, रघू. तू सांगू नको."

मी तिथेच तिच्या सुजलेल्या पायांशी बसलो. आयुष्यात मी कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. शाळेत वरिष्ठांचं नाही, घरी बायकोचं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सुट्टीचं निमित्त सांगून मी स्वतः रांधायला बसलो. आईनं माझी खूप थट्टा केली. मी केलेली अळणी पेज गोदू डोळे मिटून गिळायची, आणि आईला म्हणायची, "मास्तरांना चुलीपाशी बसलेलं बघून पोट भरतं माझं." उरणच्या डॉक्टरांना दोनदा घेऊन आलो. इंजेक्शनं झाली. सूज थोडी उतरली, पण धाप काही उतरेना. गौरी आल्या त्या सकाळी गोदू आईच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती, आणि आई तिला शेजारणीचं काहीतरी सांगत होती. सांगून झाल्यावर आईनं विचारलं, ऐकलंस ना गं? तेव्हा आम्हाला कळलं.

बायका भेटायला येत होत्या. आई ओटीवर बसून सगळ्यांना तेच सांगत होती, की तिच्या सुईनं गोदूला नेलं. लपवत नव्हती. ज्यांच्या टाचा तिनं शिवल्या होत्या त्यांना जवळ बोलावून, पाय पुढे करायला लावून, त्यांच्या टाचांवरून हात फिरवून बघत होती. बायका रडत होत्या. मी खांबाला टेकून उभा होतो.

"पन एक झालं," आई शेवटी म्हणाली. "उपाशी न्हाय गेली. शेवट शेवट तोंडाला चव आली होती तिच्या. माझ्या हातचं पोटभर खाऊन गेली." मग तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. "खाल्लं ना रे तिनं? तू होतास ना."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

"व्हय आये," मी म्हटलं. "पोटभर खाल्लं."